दगड हलवला, घोडी हलेना

स्वयंपाक करताना पाठीमागून कुणीतरी टक लावून बघतंय, याची सवय सुएनोला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनच झाली होती. डोंगराखालच्या तोबिनाइ गावात घरं काटकोनात बांधतात. लांब बाजूला माणसं, आखूड बाजूला घोडं, आणि दोन्हींच्या सांध्यावर मातीच्या जमिनीचं स्वयंपाकघर. चुलीची ऊब आणि धूर दोघांना सारखाच. पहिल्या सकाळी सासूबाईंनी तिला एवढंच शिकवलं, "आधी तिचं पाणी कोमट करायचं, मग आपला चहा. माणूस काय, तोंडाने मागतो."

सासूबाई गेल्या, दोन घोडी म्हातारी होऊन गेली, आणि आता सात वर्षं तबेल्यात होशी होती. काळीभोर, कपाळावर पांढरी चांदणी, मान जाड आणि पाय बुटके. सुएनो मुळ्याचं लोणचं कापता कापता, मागे न बघता, हिची दाढ दुखतेय की आज कोंडा कमी पडलाय ते चावण्याच्या आवाजावरून सांगायची. नवरा तोकुजी म्हणायचा, "माझा खोकला तुला आठवडाभर ऐकू येत नाही, तिनं नाक शिंकरलं की धावत सुटतेस."

"तुम्ही सांगता ना खोकला झालाय म्हणून. तिला कोण आहे?"

पण इतकं सगळं ठाऊक असूनही होशी डोंगरावर काम कसं करते, हे सुएनोने कधी पाहिलेलं नव्हतं. बर्फ पडला की पुरुष घोडी घेऊन वर जायचे, लाकूडतोड्यांनी पाडलेले देवदाराचे ओंडके सोरीवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाडीवर, बांधायचे आणि खाली तळावर आणून टाकायचे. बायकांनी वर जायचं नसतं. डोंगरदेवी दिसायला बेताचीच आहे, आणि तिला ते ठाऊक आहे. बाईमाणूस दिसलं की तिचं बिनसतं, मग झाड नको त्या अंगाला पडतं. म्हणून तर पुरुष दर हिवाळ्यात कागदात गुंडाळून एक ओकोझे मासा वर नेतात. त्या माशाचं थोबाड इतकं ओबडधोबड असतं की ते बघून देवीला बरं वाटतं.

त्या साली, लढाई संपून बारा वर्षं झाली होती तेव्हा, सव्वीस हिवाळे डोंगरावर काढून ज्याच्या नखाला धक्का लागला नव्हता तो तोकुजी परसातल्या अक्रोडाच्या झाडावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्याने पाय फळ्यांमध्ये बांधला आणि वसंतापर्यंत उठायचं नाही म्हणून बजावलं. तोकुजीचं अंथरूण चुलीच्या चौकोनाशेजारी आलं, आणि स्वयंपाक करताना सुएनोकडे बघणारे आता दोघे झाले.

होशीला शेजारच्या सादाकिचीने डोंगरावरच्या कामासाठी मागून घेतलं. त्याचा स्वतःचा घोडा उन्हाळ्यात मेला होता. माणूस चांगला, घोड्यावर हात न उचलणारा. नोव्हेंबर संपता संपता बर्फ जमला, काम सुरू झालं, आणि डिसेंबरच्या नऊ तारखेला तो होशीला धरून दारात उभा राहिला. डोक्याला गुंडाळलेला पंचा त्याने काढून हातात घेतला होता.

"वहिनी, हिला काहीतरी झालंय."

"पाय?"

"पाय धड आहे. मोकळी सोरी असली की वाऱ्यासारखी वर जाते. भरून खाली निघालो की मधल्या वळणापर्यंत शहाण्यासारखी येते. आणि वळणावर खांब! ओढा, ढकला, पाया पडा. मागे सगळ्यांच्या सोऱ्या अडतात. रोज निम्मे ओंडके तिथेच उतरवावे लागतात."

"आणि मुकादमकाका काय म्हणतात?"

सादाकिचीने पंचा पिळला. "निइनुमा मुकादम म्हणाले, अडेल घोडं माझ्या डोंगरावर नको. बारा तारखेला देवीचा दिवस, डोंगर बंद. तेराला दलाल येतोय. त्याच्याबरोबर..."

पुढचं सगळ्यांना माहीत होतं. अडेल म्हणून नाव पडलेलं घोडं आसपासच्या पाच गावांत कामाला कुणी घेत नाही. दलाल ते घेतो, पण कामासाठी नाही, मांसासाठी.

सादाकिची गेल्यावर तोकुजी छताकडे बघत म्हणाला, "देऊन टाक. या घरात पडून खाणारा एक पुरे आहे."

होशीच्या मानेवरचा बर्फ सुएनोने गवताच्या चुंबळीने पुसला, खुरं उचलून बघितली, ओठ वर करून दात बघितले. घोडी ठणठणीत होती. होशीने नेहमीसारखं नाक तिच्या काखेत खुपसलं.

"उद्या मी वर जाऊन बघून येते," सुएनो म्हणाली.

"वर कुठे?"

"होशी अडते तिथे."

"अगं, वेडबीड लागलं का? देवी..."

"देवीचं मी बघते. तुम्ही पाय सांभाळा."

दहा तारखेला सकाळी ती नवऱ्याचे गवती बूट आणि जाड अंगरखा घालून, होशीला घेऊन तळावर हजर झाली. निइनुमा मुकादम साठीचा माणूस, डोंगरावरचा सगळ्यात जाणता गडी. ओंडक्यावर बसून तो विडी ओढत होता. सुएनोला बघून विडी बोटांतच राहिली.

"घरी जा सुएनो. आधीच काम मागे पडलंय, त्यात देवीचा राग नको."

"देवी बायकांवर जळते म्हणून ना, काका?"

"मग?"

"आणि कुरूप मासा दाखवला की खूश होते."

"होते. मग?"

"मग यंदा माशाला कशाला त्रास देता? मी जाते ना. बेचाळीस वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत, चुलीने भुवया जळल्यात. मला बघून देवी आठवडाभर हसत बसेल."

सादाकिची खो खो हसला. मुकादमाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण धूर नाकात गेला आणि तो खोकत सुटला. डोळे पुसून म्हणाला, "बरं, ये. पण सोरीमागे चालायचं. कशाला हात लावायचा नाही. आणि तोंडावर फडकं बांध."

"फडकं कशाला? देवीला नीट दिसू दे की!"

वर सुएनोने जे पाहिलं ते ती पुढे कितीतरी दिवस बायकांना सांगत होती. घरात कोंड्यासाठी आदळआपट करणारी घोडी इथे वेगळीच होती. मोठमोठाले चार ओंडके बांधलेली सोरी बर्फाला चिकटून बसलेली. होशीने एकदम हिसका मारला नाही. आधी डावीकडे जरा रेटा दिला, मग उजवीकडे, सोरी बर्फातून सुटल्याचा बारीक आवाज आला आणि मगच तिने छाती पट्ट्यात टाकली. झाडांच्या दाटीतून, बुंध्यांना न घासता, लगाम सैल असताना ती आपली आपण वाट काढत होती. सादाकिचीच्या "हाइ" अशा हाकेची तिला गरजही नव्हती. सुएनोला वाटलं, सात वर्षं आपल्या पाठीशी ही उभी होती आणि आपल्याला हिची निम्मीच ओळख होती.

मग वळण आलं आणि होशी थांबली. चारही पाय रोवून, कान पुढे करून, समोर बघत.

सुएनोने आजूबाजूला पाहिलं. डावीकडे तोडलेल्या झाडाचं खोड, त्याच्याशेजारी बर्फात एक खळगा. बाकी काही नाही.

"इथे काय होतं रे पूर्वी?"

"इथे? घोड्यांची कान्नोन होती की," सादाकिची म्हणाला. "ती खाली तळावर आहे ना, तीच."

घोड्याचं मुख डोक्यावर धारण केलेली कान्नोन, म्हणजे करुणेची देवी, कोरलेला तो दगड तीन पिढ्या या वळणावर होता. डोंगरावर मेलेल्या घोड्यांसाठी गावाने बसवलेला. त्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना तो मध्ये येत होता. गावकऱ्यांनी तो उगाच ढकलून दिला नव्हता. भटजी बोलावला, दगडावर साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतली, चौघांनी खांद्यावर घेऊन खाली तळावर आणला आणि छान छप्पर बांधून दिलं. बिचारी एकटी वर थंडीत उभी असते, आता खाली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील, रोज सकाळी नमस्कार होईल, असा सगळा विचार करून. कान्नोनचा मान ठेवण्यात गावाने तसूभरही कसूर केली नव्हती.

सुएनोला वाटलं, सापडलं! होशी कान्नोनला शोधतेय. तिने कमरेच्या फडक्यातून मिसो, म्हणजे सोयाबीनचं खारट वाटण, लावून भाजलेला भाताचा मुटका काढला. तोकुजी रोज न्यायचा तसाच. एक कोपरा मोडून खळग्यात ठेवला, डोक्यावरचं फडकं काढून वाकली, दुसरा तुकडा होशीच्या तोंडाशी धरला.

होशीने मुटका खाल्ला. ओठ चाटले. आणि उभी राहिली.

मागून मुकादमाचा आवाज आला, "झाला का नैवेद्य? की आता भजनही आहे?"

शेवटी नेहमीसारखे दोन ओंडके उतरवले आणि सादाकिचीने तोंडाला धरून, ढकलून, तिला कशीबशी वळणापलीकडे नेलं. होशीच्या अंगातून वाफा निघत होत्या आणि डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. ते अडेलपणाचे डोळे नव्हते. घरात वीज कडाडली की असे डोळे व्हायचे, सुएनोला ठाऊक होतं.

"उद्याचा एक दिवस," तळावर मुकादम म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मलाही बरं वाटत नाही गं. पण उद्या ती भर उतारावर थांबली तर मागच्या घोड्याचे पाय जातील."

संध्याकाळी सुएनोने चुलीवर मुळ्याचं कालवण ठेवलं आणि डाव हातात घेऊन नवऱ्यासमोर बसली.

"त्या वळणावर तुम्ही काय करायचा?"

"काही नाही. थांबायचो, नमस्कार करायचो. सगळेच करतात."

"आणि?"

"आणि काय? मुटक्याचा तुकडा तिथे ठेवायचो, एक हिला द्यायचो. झालं, चालू लागायचो."

"ते सगळं केलं मी. हलली नाही. सांगू नका, करून दाखवा."

"अगं, माझा पाय..."

"पायाने नाही करायचं, हाताने करा. ही चूल म्हणजे कान्नोन. मी होशी."

"तू होशी? तिला राग येईल." पण तोकुजी कोपरांवर जरा उठला. डोक्यावरचा नसलेला पंचा काढला. चुलीला मान लववली. नसलेला मुटका मोडला, चुलीपाशी ठेवला, दुसरा तुकडा सुएनोच्या तोंडापुढे धरला. "हे घे, खा, होशीबाई. झालं." आणि 'झालं' म्हणता म्हणता त्याचा उजवा हात वर गेला, डाव्या खांद्यावरून काहीतरी उतरवून खाली वाकला.

"हे काय?"

"काय?"

"हात. हा हात कुठे गेला?"

तोकुजीने स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघितलं. हात अजून अंथरुणाच्या काठाशी, मूठ वळलेला होता.

"साखळी," तो सावकाश म्हणाला. "साखळी घालायचो तिथे."

उतारावर सोरीच्या खालच्या दोन्ही पट्ट्यांना साखळी गुंडाळतात. ती बर्फात रुतते, सोरी वेग धरत नाही, आणि मागचं ओझं घोड्याच्या अंगावर येत नाही.

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"अगं, ते सांगायचं असतं का? ते हात करतात. आणि आता कुणी तिथे घालत नाही, रस्ता रुंद केल्यापासून साठ पावलं पुढे सपाट जागा झालीय, तिथे..."

सुएनो उठली. तबेल्याच्या खुंटीवर तोकुजीची साखळी लटकत होती. ती तिने खाली घेतली आणि मातीवर ओढली. खळ्ळ.

होशीचं तोंड कोंड्यात होतं. ते वर आलं. कान पुढे झाले, आणि सपाट तबेल्यात, मागे ओझं नसताना, घोडीने आपलं वजन मागच्या दोन पायांवर घेतलं. उतार उतरायला निघाल्यासारखं.

कालवण उतू जायला लागलं तेव्हा तोकुजी म्हणाला, "सात वर्षं मला वाटत होतं, तिथे मी तिला थांबवतो."

जेवण होईतो त्याने सुएनोला शिकवलं. चुलीतलं लाकूड म्हणजे सोरीची पट्टी. साखळी कुठून घ्यायची, किती वेढे, आकडा कुठे अडकवायचा. ती चुकली की म्हणायचा, "असं बांधलंस तर सोरी माझ्याआधी घरी येईल."

अकरा तारखेला डोंगरावर ऊन नव्हतं. आदल्या दिवशी वितळलेला बर्फ गोठून रस्ता आरशासारखा झाला होता. होशी वळणावर आली आणि थांबली. सुएनोने खांद्यावरची साखळी उतरवली.

"हात लावायचा नाही म्हणालो होतो ना!" मागून मुकादम ओरडला. "आणि साखळी पुढे घालायची, सपाटीवर!"

"हो काका, झालंच."

"सुएनो!"

"बोटं गोठलीत काका, तोंडाने उत्तर देत बसले तर आणखी वेळ जाईल."

मुकादमाचा संयम संपला. "रस्ता रुंद कशाला केलाय मग," म्हणत त्याने आपला तांबडा घोडा बाजूने काढला आणि भरलेली सोरी घेऊन होशीच्या शेजारून पुढे गेला. सुएनोने डावा आकडा अडकवला. खट्ट. होशीचा एक कान मागे फिरला, पण ती हलली नाही. सुएनो बर्फात गुडघ्यांवर रांगत पलीकडे गेली, उजवी साखळी गुंडाळली. खट्ट.

सादाकिचीने "हाइ" म्हणायला तोंड उघडलं, तोवर होशी चालू लागली होती.

आणि त्याच वेळी खालून आरोळी आली. मुकादमाची सोरी सपाटीपर्यंत पोचलीच नव्हती. तीसेक पावलांवर तिने वेग धरला. ओंडक्यांनी तांबड्याला मागून रेटलं, घोडा मागच्या पायांवर बसला, बसल्या बसल्या घसरत गेला, मुकादमाने लगाम जिवाच्या आकांताने डावीकडे ओढला आणि घोडा, सोरी, ओंडके, मुकादम सगळे बाजूच्या बर्फाच्या ढिगात शिरले. एक दांडी मोडल्याचा आवाज झाला. मग सगळं शांत.

त्यांच्या शेजारून होशी खाली आली. साखळ्या बर्फात करकरत होत्या, चारही ओंडके सोरीवर होते. एकेक पाऊल मोजून टाकत ती सपाटीवर आली आणि आपली आपण उभी राहिली.

सुएनो आणि सादाकिची धावत मागे गेले. तांबडा उठून अंग झटकत होता, त्याला खरचटलंही नव्हतं. मुकादम कमरेपर्यंत बर्फात बसला होता. तो वर वळणाकडे बघत होता.

"लागलं का काका?"

"इथे पूर्वी उतार नव्हता," तो म्हणाला. "वळणाच्या पुढे उंचवटा होता. सोरी तिथे आपोआप धीमी व्हायची. रस्ता करताना तो आम्हीच खणून काढला." त्याने मिशीवरचा बर्फ पुसला. "चाळीस वर्षं या डोंगरावर आहे मी. बर्फ मऊ होता म्हणून, देवाच्या कृपेने, दहा दिवस उतरत होतो. आणि ही बया पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती."

"ओरडली कुठे? नुसती उभी राहिली," सुएनो म्हणाली.

"त्याच्यापेक्षा मोठ्याने ती काय ओरडणार?" मुकादम म्हणाला. मग बर्फातून हात पुढे करून, "हसू नकोस, हात दे. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, होशी माझ्या डोंगरावर पाहिजे. दुसरं, साखळी तू घातलीस ती आकड्याला उलटी आहे. धरली कशी, देव जाणे."

"देवी खुशीत होती, काका. सकाळीच तिला तोंड दाखवलं होतं."

बारा तारखेला डोंगरदेवी आपली झाडं मोजते. त्या दिवशी जंगलात सापडलेलं माणूसही झाड म्हणून मोजलं जातं, म्हणून कुणी वर गेलं नाही. तेराला सकाळी दलाल तोकुजीच्या दारात आला. तबेला रिकामा होता. तोकुजीने अंथरुणातूनच त्याला चहा पाजला. घोडी डोंगरावर गेलीय म्हणाला. घोड्यांची कान्नोन तिच्या जागेवर पोचवायला. दगड फार जड, आणि चार माणसांनी खांद्यावर नेण्यापेक्षा होशीनेच न्यावा, असं मुकादमाचं म्हणणं पडलं.

दगड वळणावर परत बसला तेव्हा भटजीने विचारलं, काय म्हणून पूजा करायची? निइनुमा मुकादम म्हणाला, "माफी मागायची म्हणून. आधी घोडीची."

तोकुजीचा पाय सांधला, पण तिरका. उतारावर चालणं त्याला पुन्हा जमलं नाही. तो हिवाळा सुएनोने होशीबरोबर काढला, मग पुढचा, आणि असे एकोणीस. होशीनंतरच्या दोन घोड्या तिनेच शिकवल्या. तोबिनाइच्या पुरुषांनी ओकोझे मासा आणणं बंद केलं नाही, पण मोसमाच्या पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणायचंच, "मासा राहू दे, वहिनी आल्यात." त्यावर ती तोंड वर करून झाडांकडे बघत दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवायची. नव्याने कामाला आलेला कुणीही काम समजावून सांगू लागला की ती त्याला मध्येच थांबवायची. "तोंडाने नको. हाताने करून दाखव." मग त्याचे हात ती असे बघत बसायची की माणूस संकोचून जायचा.

संध्याकाळी ती घोडी घेऊन परतली की घरात धूर भरलेला असायचा. लंगडत लंगडत तोकुजी चुलीशी उभा, मुटके एका बाजूने करपलेले. घोडीचं पाणी मात्र कोमट करून बादलीत तयार असायचं.

"माझा चहा?" अंगरखा झटकत ती विचारायची.

"मागितलास ना तोंडाने? आता ठेवतो."